वळणावरचं भरलं कपाट

आमच्या देवासच्या घरात जिन्याच्या वळणावर एक लोखंडी कपाट उभं आहे. नवा पाहुणा वर निघाला की तिथं थबकतो, पोट आत घेतो, आडवा होतो आणि मग हमखास विचारतो, "हे इथं का ठेवलंय?" हा प्रश्न ऐकला की पडदा वर जाताना नटाला जे वाटतं ते मला वाटतं. मी म्हणतो, "ठेवलेलं नाही, अडकलंय. बसा, सांगतो." बिचारा पायरीवर बसतो आणि वर त्याचा चहा निवून जातो.

तुम्हीही बसा. चहा नाही, त्यामुळे निवायची भीती नाही.

गोष्ट सुरू होते धारला. आमचा कुणी पूर्वज दरबाराच्या मागोमाग दक्षिणेतून आला आणि तिथंच राहिला. एवढ्या भांडवलावर माझी आत्या धारच्या घरात राज्य करत होती. आई-वडील लवकर गेले. दादाला आणि मला तिनंच वाढवलं. दूधवाल्याशी ती फर्ड्या माळवीत भांडायची आणि घरात वळली की शंभर वर्षांपूर्वीचं मराठी बोलायची. "जेवावयास बसा" असं तिनं म्हटलं की साधी भाकरीसुद्धा ताठ बसायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी देवासच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि गणेशोत्सवात दर वर्षी नाटकात काम करत होतो. दोन्ही ठिकाणी आवाज सारखाच लागतो. टेकडीच्या पायथ्याशी एक छोटं दुमजली घर घेतलं होतं. मी सडाफटिंग, खालच्या मजल्यावर पुरून उरत होतो. वरच्या दोन खोल्यांत कबुतरं नांदत होती. दादा देवासलाच कारखान्यात होता. आठवडाभर माझ्याकडे राहायचा आणि सुट्टीला बस बदलत धारला जायचा. वहिनी धारला आत्यापाशी. मी म्हटलं, हा काय संसार आहे? या सगळे इकडे. कबुतरांना नोटीस देतो.

फक्त एक अडचण होती. वहिनींना चौथा महिना लागला होता.

"गर्भारशी सुनेस घेऊन घर बदलत नाहीत," आत्यानं निकाल दिला. "भिंतीस खिळा ठोकत नाहीत, चूल हलवत नाहीत. पोटातला जीव स्वतःची जागा शोधत असतो. घर हलले की तो चुकतो."

मी हसलो. नुसता हसलो नाही, भाषण दिलं. विज्ञान, प्रगती, एकविसावं शतक, सगळं त्यात होतं. वहिनी पदराआड हसत होत्या. शेवटी आत्या थकली, स्वतः धार सोडणार नाही म्हणाली आणि बाकीच्यांसाठी एका अटीवर तयार झाली. वहिनींच्या लग्नात माहेराहून आलेलं लोखंडी कपाट रिकामं करायचं नाही. त्यात शालू, चांदीचं ताम्हन, देवाची पोथी, ओटीचे खण. लक्ष्मीचं कपाट उंबरा ओलांडताना भरलेलंच हवं. आमच्या घराण्याची ही रीत, आणि रीत म्हणजे हम्मालांच्या पाठीवरचं संकट.

देवासला कपाट उतरलं तेव्हा हम्मालांच्या मुकादमानं त्याला एक थाप मारून आवाज ऐकला. म्हातारा गडी, कन्नौदच्या मंडीत पोती वाहून पाठ घडवलेली.

"भिया, इमें कंई भर्यो हे? हाथी?"

"इनका मायका," मी वहिनींकडे बोट दाखवलं.

"तो खाली करो नी!"

"खाली नहीं होगा. परंपरा है."

त्यानं परंपरेला मनातल्या मनात काय म्हटलं ते मी लिहीत नाही. पण पुढं त्यानं जे केलं ते मी खुर्ची टाकून पाहिलं. उदयनगरच्या जंगलातले चांगले जाड बांबू त्यानं कपाटाच्या चारही अंगांना लावले आणि भिजवलेल्या सुतळीनं जागोजागी करकचून बांधले. कपाट जणू पिंजऱ्यात बसलं. मग एक गडी दोराचं टोक घेऊन एकटाच दोन पायऱ्या वर गेला. पायानं चाचपलं, भिंतीला हात लावून पाहिलं, जागा पसंत पडली तेव्हा वळणावरच्या खिडकीच्या गजाला दोराची गाठ मारली. मग "हे… जोर!" अशी आरोळी. वरून ओढ, खालून दोघांच्या पाठींचा रेटा. कपाट एक पायरी चढलं आणि थांबलं. पुढचा गडी पुन्हा वर. आधी माणूस, मग गाठ, मग कपाट.

वळणावर वीस मिनिटं गेली, दादाची बोटं थोडक्यात वाचली, पण कपाट वर पोचलं. आम्ही जिलबी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी नव्या घरात कॅलेंडर लावायला एक खिळा ठोकला. हातोडी वहिनींनीच आणून दिली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पोर झाली. आत्यानं येऊन बोटं मोजली, कान पाहिले, नाक आमच्या घराण्याचं आहे असं जाहीर केलं. पोर हसरी होती. चालायला थोडा उशीर, बोलायला थोडा उशीर. माझ्यावर गेली नाही म्हणून मी देवाचे आभार मानले.

साडेपाच वर्षांची असताना एका दुपारी ती अंगणात लंगडी घालता घालता पडली आणि तिचं अंग ताठ झालं. महिन्याभरात असे तीन झटके आले. आम्ही इंदूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूची मोठी तपासणी करवली आणि काळी-पांढरी फिल्म दिव्यावर लावली. खोलीत दादा, वहिनी, मी आणि धारहून आलेली आत्या.

डॉक्टर भला माणूस होता. सावकाश समजावत होता. मेंदूच्या चेतापेशी जन्माला येतात आत, खोल. तिथून त्या चढत चढत वरच्या थराला जातात. मागून निघालेल्या आधीच्यांना ओलांडून आणखी वर. हिच्या बऱ्याच पेशी नीट पोचल्या आहेत, पण काही अर्ध्या वाटेत थांबल्या आहेत. हा बघा, सालीखाली दुसरी साल असावी तसा पट्टा. त्यातूनच झटके येतात. गोळ्यांनी आवरतील. शिकेल, पण हळू शिकेल.

"हे चढणं कधी होतं?" दादानं विचारलं.

"गर्भ तीन-चार महिन्यांचा असताना सर्वात जास्त."

आत्यानं मान वर केली. "चौथ्या महिन्यात?" ती म्हणाली.

एवढंच. मी तीस वर्षं रंगमंचावर घालवली आहेत. दोन शब्दांत सगळं प्रेक्षागृह गार करणारी नटी मी ती एकच पाहिली. वहिनींनी फिल्मकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

पुढच्या पंधरा दिवसांत ठरलं ते असं. वहिनी पोरीला घेऊन धारला परत जाणार, कायमच्या. जिथून उठलो तिथं जाऊन बसायचं, म्हणजे निदान आणखी काही बिघडणार नाही. दादा आठवड्याला तिकडे जाईल. पोरीची देवासची शाळा सुटणार. त्या शाळेत एक बाई तिला शेजारी बसवून इतक्या चिकाटीनं अक्षरं गिरवून घेत होत्या की 'क' ते 'ज्ञ' मधली निम्मी तिची झाली होती. आणि मला ठाऊक होतं, धारच्या त्या घरात वहिनी जन्मभर अपराधी म्हणून वावरतील. कुणी काही बोलणार नाही. आत्या तर अजिबात नाही. न बोलणं हेच तर तिचं हत्यार.

मी दादाला गाठलं. "अरे, तू तरी काही बोल!"

"यार, मेरे को क्या समझता है," दादा हिंदीत शिरला. अडचणीत सापडला की तो हिंदीत शिरतो. "तू सायन्सवाला आहेस. तूच समजाव."

मी समजावलं. फळा आणला. तीन रंगांचे खडू आणले. वहिनी समोर बसल्या, "हो भाऊजी," "बरोबर आहे भाऊजी," म्हणाल्या आणि उठून पोरीचे फ्रॉक ट्रंकेत भरू लागल्या. माझ्या विद्यार्थ्यांना झोप यायची तेव्हा निदान ते प्रामाणिकपणे झोपत.

खरं सांगायचं तर मलाच पुरतं कळलं नव्हतं. आमच्या पाठ्यपुस्तकात पेशी म्हणजे एक गोल आणि गोलात एक ठिपका. तो गोल चढतो कसा? म्हणून मी सायबर कॅफेत जाऊन बसलो. त्या काळी एक पान उघडायला लागे तेवढ्यात माणूस दाढी करून येई. दोन दुपारी नुसतं वाचत होतो. पेशीच्या आत एक सांगाडा असतो. पण आपल्या हाडांसारखा ठाम नव्हे. प्रथिनांचा, आणि सतत बांधला-सोडला जाणारा. पुढच्या टोकाला अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे वाट चाचपतात. मागं लांब, ताठ नळ्या असतात, आणि त्यांचा पिंजरा पेशीच्या केंद्रकाला धरून असतो. तिसऱ्या दुपारी एक चलच्चित्र सापडलं. अर्ध्या मिनिटाचं, उतरायला अर्धा तास. करड्या पडद्यावर एक चेतापेशी. तिनं पुढं एक बारीक हात लांबवला. हात चाचपडला. हाताच्या मुळाशी एक फुगवटा पुढं सरकला, नळ्या जिच्यापासून निघतात ती गाठ. आणि मग मागचं ते जड केंद्रक एका झटक्यात पुढं आलं. थांबलं. पुन्हा हात. पुन्हा गाठ. पुन्हा झटका.

मी खुर्चीतून उठून ओरडलो, "अरे, हे तर आमचं कपाट!"

कॅफेवाला धावत आला. "क्या हुआ भिया? मैच चल रिया हे क्या?"

मॅचच होती. बांबू म्हणजे त्या नळ्या. पुढचा गडी म्हणजे अ‍ॅक्टिनचा हात. वरून ओढणारी मोटार-प्रथिनं वेगळी, मागून आवळून रेटणारी वेगळी. केंद्रक तर आत आनुवंशिकतेची सगळी पोथी ठेवूनच चढतं, आत्याच्या रितीप्रमाणे, भरलेलं! आणि पोरीच्या आजारात बहुधा ज्याची चूक असते असं डॉक्टर म्हणाले होते ते डबलकॉर्टिन नावाचं प्रथिन? ते नळ्यांना बिलगून त्यांना ताठ ठेवतं. म्हणजे काय? सुतळी! भिजवलेली सुतळी!

आता माझ्या डोक्यात एक कट शिजला. कपाट धारला परत जाणारच होतं, भरलेलंच. दिवस ठरला होता, टेम्पो ठरला होता, हम्माल तेच होते. त्या सकाळी मी मुकादमाला पोहे-जिलबी खायला घातली आणि म्हटलं, "काका, बांबू वही, आदमी वही. सिर्फ आधी गाँठें इस सुतली से." आणि खिशातून एक जुनाट, कुजकी सुतळी काढली.

त्यानं ती दोन बोटांत चोळली. तिचा भुगा झाला. "भिया, नाटक कर रिया हो?"

"हाँ. मोड़ पे पाँच मिनट अटकाना है. बस."

"अटकी जायगी. पन गिरेगी नी, वा म्हारी जवाबदारी." आणि म्हातारा असा खुलला की त्यानं आणखी एक प्लेट मागवली.

प्रयोग सुरू झाला. टेम्पोत, त्यांना न्यायला आलेली आत्या पुढच्या सीटवर विराजमान. वर वहिनी, पोर आणि दोर धरलेला एक हम्माल. खाली मी, मुकादम आणि त्याचे दोघे. दादा ड्यूटीवर, त्याला हे बघवणार नव्हतं. कपाट पहिल्या सहा पायऱ्या शहाण्यासारखं उतरलं. वळणावर आलं तशा कुजक्या गाठी एकेक करून सुटल्या, पिंजरा तिरका झाला, एक बांबू खिडकीच्या गजांत शिरला, दुसरा पायरीच्या कोपऱ्यात रुतला आणि कपाट असं बसलं की जणू जन्मल्यापासून तिथंच होतं.

मुकादमानं खांदा लावला. मग दोघांनी. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "भिया, या तो साँची अटकी गी."

खरंच अडकलं होतं. माझी पाच मिनिटं तिथंच संपली. पण नटानं दिवे गेले तरी बोलत राहायचं असतं. कपाटाच्या वरून वहिनींचा अर्धा चेहरा दिसत होता. जिना बंद. प्रेक्षक उठून जाऊ शकत नाही असं नाटक मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "बघा. कपाट तेच आहे ना? जिना तोच? माणसं तीच, बांबू तेच?"

"हो."

"मग का अडकलं?"

"गाठी सुटल्या."

"सगळ्या?"

त्या वाकून पाहू लागल्या. "निम्म्या."

"तेच! हिच्या निम्म्या पेशींत सुतळी पक्की निघाली, त्या वर पोचल्या. उरलेल्यांत कच्ची निघाली, त्या वाटेत बसल्या. आणि ही सुतळी चौथ्या महिन्यात कुणी आणलेली नसते. सुतळीची कृती पहिल्याच दिवशी ठरते, आणि कुठल्या पेशीत पक्की वळली जाणार, कुठल्या पेशीत कच्ची, हेही पुढच्या थोड्याच दिवसांत, तुम्हाला दिवस गेल्याचं कळण्याआधी, मी ते भाषण ठोकण्याआधी. आपण घर बदललं नसतं, तुम्ही धारला पलंगावर नुसत्या झोपून राहिला असतात, तरी याच पेशी याच वळणावर थांबल्या असत्या."

वहिनी बारीक आवाजात म्हणाल्या, "पहिल्या दिवशी. म्हणजे माझ्यातूनच आलं."

यावर संवाद लिहिलेला नव्हता, म्हणून मी डॉक्टरांचा उसना घेतला.

"डॉक्टर म्हणतात, बहुतेकदा ही चूक नवीच होते," मी म्हटलं. "पोथीची नक्कल करताना एखादं अक्षर चुकावं तशी. आणि समजा आली असेल कुणाकडून. इथं कुजकी सुतळी निवडणारा एक नग तुमच्यासमोर उभा आहे. तिथं निवडणारं कुणी नव्हतं, वहिनी. कुणीच नाही."

"ते मला कळलंच होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सुतळी तुम्ही निवडलीत ते. दिवाळीतल्या तोरणांची सुतळी मी ओळखत नाही होय? माझ्याच डब्यातून काढलीत."

मुकादम फिसकन हसला. मी भिंतीकडे पाहू लागलो. पुन्हा वर पाहिलं तेव्हा वहिनी पायरीवर बसल्या होत्या. फक्त केसांचा भांग दिसत होता. त्या म्हणाल्या, "तुम्ही कॅलेंडरला खिळा ठोकला होतात. हातोडी मी दिली होती. इंदूरहून आल्यापासून रोज मला ती हातोडी दिसते, भाऊजी. कुकर लावताना, हिची वेणी घालताना."

मी सहा वर्षं हातोडी नावाची वस्तू विसरून गेलो होतो.

तेवढ्यात पोरीनं वरून विचारलं, "काका, त्या अडकलेल्या तिथं काय करतात?"

"बसल्या जागी काम करतात, जमेल तसं. कधीकधी सगळ्या मिळून एकदम आरडाओरडा करतात, तेव्हा तू पडतेस."

"म्हणून गोळी?"

"म्हणून गोळी."

"मग दे ना आई, दुपारची राहिलीय," ती म्हणाली आणि कपाटाकडे बोट दाखवलं. गोळ्या कपाटात होत्या! भरलेलं नेण्याच्या रितीपायी वहिनींनी त्याही आत ठेवल्या होत्या. दार नेमकं वरच्या बाजूला आलं होतं. वहिनींनी कमरेची किल्ली काढली, तिरक्या कपाटाचं दार उघडलं, शालूंच्या घडीवरून गोळ्यांची पट्टी काढली आणि त्या वाकड्या दाराकडे बघत एकदम हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. मग पुन्हा हसल्या.

"अहो, हे चालतंय की," त्या म्हणाल्या. आणि मग, जरा मोठ्यानं, "भाऊजी, टेम्पो परत पाठवा."

आत्या केव्हाची टेम्पोतून उतरून जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. "त्यात माझी पिशवी आहे," ती म्हणाली.

"ती वर आणा, आत्याबाई," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्हीही या. कुकर लावते."

मुकादमानं अर्धा तास खटपट करून कपाट कोपऱ्यात जरा वळवलं, हात-दीड हात फट केली आणि हात जोडले. आत्या त्या फटीपाशी आली. आत्याचा घेर आणि ती फट यांचं जमणं कठीण होतं. ती आडवी झाली, तिनं श्वास रोखला, मी खालून आदबीनं रेटलं, वहिनींनी वरून हात धरला. मधोमध ती थांबली, कपाटाला नाक लागलेलं, आणि म्हणाली, "इंदुरास मी जे बोलले, ते बोलावयास नको होते."

"आधी वर तर या," वहिनी म्हणाल्या आणि तिला ओढलं.

त्या मुक्कामात आत्या दोन महिने राहिली. खिळ्यांविषयी तिचं मत बदललं नाही. आजही आमच्या वरच्या मजल्यावर कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असतं, सुतळीनं, भिजवलेल्या. पोरीची शाळा सुटली नाही. उरलेली अक्षरं तिला दोन वर्षांत आली. झटके गोळ्यांनी पुष्कळ कमी झाले, गेले मात्र नाहीत. हिशोबात ती आजही माझ्यासारखीच आहे, आणि त्याचं खापर मात्र सगळे माझ्यावर फोडतात.

मुकादम पुढं दोनदा येऊन विचारून गेला, "भिया, निकाल दूँ?" दोन्ही वेळा वहिनींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पोरीची वह्या-पुस्तकं गेली, वर शालू आणि ताम्हन तसेच राहिले. किल्ली तिच्याकडे आली.

आता ती मोठी झाली आहे. मी पाहुण्याला पायरीवर बसवून ही गोष्ट रंगात आणलेली असते, हातोडीपाशी पोचलेलो असतो, तेवढ्यात ती वरून डोकावते आणि म्हणते, "काका, पुरे. चहा निवला." मग पाहुण्याकडे वळून, चोख मराठीत, आत्यासारख्या ठसक्यात सांगते, "पोट आत घ्या, उजवा खांदा आधी, आणि घाई करू नका. इथून सगळे वर येतात."

आणि खरंच, सगळे येतात.